खुराड्याला जाळी आहे, दाराला कडी आहे, तरी कोंबडी जातेच

रात्री आठवणीने कडी लावली जाते, जाळीही धड दिसते, आणि तरी आठ-पंधरा दिवसांनी एखादी कोंबडी जातेच. मग लोक जाळीवर दुसरी जाळी मारतात, दारापुढे काटेरी फांदी आणून टाकतात, एखादा बल्ब लावतात. थोडे दिवस बरे जातात आणि पुन्हा एका सकाळी अंगणात पिसं. परसात कोंबड्या पाळणाऱ्यांकडून मला सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच आहे.

मी कोकणात राहते. आमच्या बचत गटातल्या बायकांची खुराडी बघायला, काही बिघडलं तर दुरुस्त करायला मी जात असते. त्यामुळे खाली जे लिहिते आहे त्यात जांभ्याचे चिरे, कौलं, काजूच्या बागा येतील. पण घाटावर किंवा विदर्भातही येणारे प्राणी बरेचसे हेच आहेत, फक्त घराची बांधणी वेगळी.

कोंबड्या पुन्हापुन्हा जातात त्याचं मुख्य कारण असं, की कोण आलं होतं हे न बघताच उपाय केला जातो. घारीसाठी लावलेल्या चकचकीत पट्ट्यांचं रात्री येणाऱ्या कांडेचोराला, म्हणजे उदमांजराला, काहीच वाटत नाही. मुंगसासाठी बुजवलेल्या बिळाने सापाची वाट बंद होत नाही. त्यातून ज्या जनावराला एकदा तुमच्याकडे पोटभर मिळालं, ते त्याच वाटेने परत येणार हे धरूनच चला. म्हणून कोंबडी गेल्यावरची पहिली सकाळ महत्त्वाची.

पहिल्या सकाळी झाडू हातात घेऊ नका

आपल्याकडे अंगण सकाळी उठल्याउठल्या झाडलं जातं आणि सगळा पुरावा केराबरोबर जातो. त्या दिवशी तेवढं थांबा. खुराड्याभोवती एक फेरी मारा, मग आत वाकून बघा. तीन गोष्टी शोधायच्या: कधी गेली, मागे काय उरलं, आणि आत येण्याची वाट कुठली.

वेळ कळली तरी निम्मे संशयित गळतात. मुंगूस दिवसा हिंडतं. रात्री बंद खुराड्यातून कोंबडी गेली असेल तर ते मुंगूस नव्हे, आणि तरी गावात पहिलं नाव त्याचंच घेतलं जातं. घार, शिक्रा, कावळा, घोरपड, मोकाट कुत्रा हे दिवसाचे; कुत्रा रात्रीही येतो. कांडेचोर, जवादी मांजर, घूस हे रात्रीचे. बाऊल, म्हणजे रानमांजर, तिन्हीसांजेला आणि पहाटे जास्त दिसतं. साप दोन्ही वेळचे: धामण दिवसा फिरते, नाग दिवसाही आणि रात्रीही, अजगर बहुतेक रात्री.

मग काय उरलं ते बघा. पाच-सहा कोंबड्या मारून तशाच टाकल्या असतील, खाल्लेल्या फारशा नसतील, जाळी ओढून फाडली असेल, तर कुत्रा. कोंबडी अख्खी नाहीशी झाली आणि पिसांची रांग कुंपणाकडे किंवा करवंदीच्या झुडपाकडे जात असेल, तर उचलून नेणारं जनावर: दिवसा मुंगूस, रात्री बाऊल किंवा कांडेचोर. कोंबडी आतच आहे, पण मुंडकं नाही किंवा एक पाय ओरबाडलेला आहे, तर बाहेरूनच जाळीच्या भोकातून पकडून ओढलेली असते. तिथे जाळी तुटलेली नसते, नुसतं भोक मोठं असतं. पिल्लं एकेक करून रात्री कमी होतायत आणि खुराड्याच्या कोपऱ्यात ताजी उकरलेली माती आहे, तर घूस. ती पिल्लू बिळात ओढून नेते आणि बिळाच्या तोंडाशी कधी कधी पंखाचं टोक तेवढं दिसतं. अंडी गायब, टरफलाचा तुकडाही नाही, पेंढा कोरडा, तर साप किंवा घोरपड. पेंढा ओला आणि पिवळा चिकट, टरफलं तिथेच, तर आधी तुमच्या कोंबड्यांकडेच बघा. अंडं फोडून खायची सवय एकीला लागली की बाकीच्या शिकतात.

कडी काढलेली आहे, पिसं सांडलेली नाहीत आणि नेमक्या वजनदार कोंबड्याच गेल्यात, तर तो माणूस. त्याला कुलूपच लागतं.

अजून एक गोष्ट आधीच तपासा. कोंबडी मेलेली सापडली, अंगावर दाताची खूण नाही, किंवा खूण आहे पण रक्त आलेलं नाही, तर ती आधी आजाराने मेली असू शकते आणि नंतर कुणीतरी कुरतडली असू शकते. मान वाकडी होणं, हिरवट पातळ हगवण, एकापाठोपाठ एक मरणं ही मानमोडीची लक्षणं. अशा वेळी जाळीवर पैसे घालण्याआधी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ या क्रमांकावर फोन करा. मेलेली कोंबडी साफ करून खाऊ नका, उघड्यावर फेकूही नका. चुना टाकून खोल पुरा.

राखेचा पट्टा

खुणा सापडल्या नाहीत तर संध्याकाळी कोंबड्या आत गेल्यावर खुराड्याभोवती हातभर रुंदीचा पट्टा चाळलेल्या राखेचा टाका. राख नसेल तर पांढरी रांगोळी चालते. पावसाळ्यात पडवीच्या आडोशाला टाका किंवा ओली माती थापटून गुळगुळीत करून ठेवा. सकाळी कोंबड्या सोडायच्या आधी वाकून बघा. चार बोटं आणि नखांच्या खुणा नाहीत, ठसा गोलसर: मांजराच्या जातीचं, म्हणजे बाऊल किंवा गावातला बोका. चार बोटं आणि पुढे नखं: कुत्रा, कोल्हा. पाच बोटं आणि पुढे बारीक नखं: दिवसा मुंगूस, रात्री कांडेचोर. कांडेचोराचा ठसा जास्त मांसल, टाच टेकलेली दिसते. नागमोडी घासलेली रेघ म्हणजे साप. नागमोडी रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना पंज्यांच्या खुणा म्हणजे घोरपड, मधली रेघ तिच्या शेपटीची.

पट्टा कोराच राहिला आणि तरी कोंबडी गेली, तर हेही मोठं उत्तर आहे: जनावर जमिनीवरून आलं नाही.

आमच्या वाडीतल्या एका वहिनींकडे असंच झालं होतं. मे महिना सरत आला होता. "मुंगूसच गो ताई, दुसरं कोण येणार? गडग्यात बिळं आहेत मेल्याची," म्हणून त्यांनी गडग्याची, म्हणजे दगडी कुंपणाची, सगळी भोकं चिऱ्यांच्या तुकड्यांनी बुजवून घेतली होती. कोंबड्या जायच्या थांबल्या नाहीत. राख टाकून ठेवली, सकाळी पट्टा स्वच्छ. तेव्हा आत शिरून वर बॅटरी मारली. एका वाशावरची धूळ हातभर लांबीत पुसली गेली होती, बाकी वाशांवर जाड थर तसाच. त्या वाशाच्या वरचं कौल तीन बोटं खाली सरकलेलं होतं आणि रिपेच्या खडबडीत कडेला राखाडी केस अडकले होते. शिडी लावून छपरावर बघितलं तर कोन्यावर, म्हणजे माथ्याच्या कौलांवर, विष्ठा पडलेली, सगळी करवंदाच्या आणि जांभळाच्या बियांनी भरलेली. फळं खाऊन अशी बियांची विष्ठा टाकणारा रात्रीचा पाहुणा म्हणजे कांडेचोर. शेजारच्या काजूची फांदी थेट छपरावर आली होती, तीच त्याची वाट. फांदी छाटली, कौलांच्या खाली वाशांना आतून जाळी ठोकली, आणि प्रकार थांबला. गडग्यातली मुंगसं तिथेच राहिली. त्यांचा यात काही संबंधच नव्हता.

खुराडं: पैसे कुठे घालायचे

पैसे मोजकेच असतील तर लांबलचक कुंपण करू नका. रात्रीचं खुराडं छोटं पण पक्कं करा. मोठ्या कोंबडीला आत दीड ते दोन चौरस फूट जागा धरली तरी दहा-बारा कोंबड्यांचं खुराडं काही फार मोठं होत नाही. कोंबडीला अंधारात नीट दिसत नाही, ती दांडीवर बसली की बसली. कोणी आत शिरलं तर पळण्याची तिची ताकदच नसते. त्यामुळे रात्री तिचं संरक्षण सर्वस्वी खुराड्यावर आहे.

सगळ्यात मोठी गफलत जाळीत होते. दुकानात 'कोंबडी जाळी' म्हणून जी षटकोनी, पातळ तारेची जाळी मिळते ती कोंबड्यांना आत ठेवण्यापुरती आहे. कुत्रा ती दाताने फाडतो, इंचाच्या भोकातून सापाचं पिल्लू आणि उंदीर सहज येतात, आणि बाहेरून पंजा घालून मान ओढता येते. रात्रीच्या खुराड्याला चौकोनी, सांध्यांवर वेल्डिंग केलेली, अर्धा इंची भोकांची जाळी लावा. तार हाताने सहज वाकता कामा नये. पिल्लं आणि अंडी जिथे असतील तिथे जमिनीपासून दोन फुटांपर्यंत पाव इंची. तीही महाग वाटली तर निदान खालचा भाग चिऱ्यांचा किंवा पत्र्याचा करा आणि हवेसाठी वरच तेवढी चांगली जाळी ठेवा.

जाळी चौकटीच्या बाहेरच्या अंगाने लावा. म्हणजे जनावराने बाहेरून ढकललं तर ती चौकटीवर दाबली जाते. आतून लावली तर प्रत्येक धक्क्याला खिळे उपसतात. नुसत्या यू खिळ्यांवर विसंबू नका. वरून लाकडी पट्टी ठेवून स्क्रू मारा. मी बघितलेल्या बहुतेक खुराड्यांत जाळी तुटलेली नव्हती, ती खालच्या कडेने सुटलेली होती. हात घालून बघा: खालची कड दोन बोटं वर उचलली गेली तर तिथून मुंगूस जाऊ शकतं. ज्या फटीतून डोकं गेलं त्या फटीतून अंगही जातं.

उकरून येणाऱ्यांसाठी जाळी जमिनीत खोल पुरण्याची गरज नाही. भिंतीच्या पायथ्याशी जाळीचा पट्टा बाहेरच्या बाजूला दीड-दोन फूट आडवा पसरा, भिंतीच्या जाळीला तारेने घट्ट बांधा, वर माती आणि दगड टाका. जनावर नेमकं भिंतीला लागून उकरतं, खाली जाळी लागते, आणि दोन फूट मागे सरून पुन्हा उकरायचं त्याला सुचत नाही. जिथे चिरा स्वस्त आहे तिथे पायाला एक थर चिऱ्यांचा घाला, पण सांधे सिमेंटने भरून घ्या. कोरड्या रचलेल्या चिऱ्यांच्या फटी म्हणजे घुशीला आयतं घर.

पावसाच्या प्रदेशात खुराडं पायांवर उचलून घ्यावं, दीड-दोन फूट तरी. खालची जमीन कोरडी राहते, विष्ठा काढता येते, खाली कोणी बसलंय का ते दिसतं. चारही पायांना मधोमध पत्र्याची गुळगुळीत नळी किंवा उलटा शंकू बसवला तर उंदराला वर चढता येत नाही आणि सापालाही अवघड जातं. पायाला टेकून लाकडं, फळ्या, जुने टायर ठेवू नका. त्यांची शिडी होते.

छपराकडे लक्ष फार कमी जातं, म्हणून पुन्हा सांगते. कौलं असतील तर आतून जाळी हवीच. पत्रा असेल तर त्याच्या पन्हळींच्या टोकाशी उरणाऱ्या फटी सिमेंटने किंवा जाळीने बुजवा. छपरावर आलेली फांदी छाटा, निदान पाच-सहा फूट अंतर राहील इतकी.

दाराला फिरवायचा लाकडी तुकडा पुरत नाही. दारावर सारखं आपटत राहिलं की तो फिरतो. लोखंडी कडी आणि त्यात अडकवलेला हूक किंवा छोटं कुलूप लावा. दाराखाली उंबरा हवा, म्हणजे झिजलेल्या मातीमुळे फट पडत नाही. दांडी जाळीच्या भिंतीपासून फूटभर आत घ्या, म्हणजे बाहेरून पंजा पोचणार नाही. गिरिराज, वनराज यांसारख्या जड कोंबड्यांना उंच दांडी झेपत नाही, त्या जमिनीवर जाळीला टेकून बसतात आणि तिथेच सापडतात. त्यांच्यासाठी दांडी बुटकी ठेवा किंवा चढायला फळी द्या.

गावठी कोंबड्यांची अडचण उलटी. त्या काजूवर, फणसावर झोपायला जातात. झाडावर चढणाऱ्या कांडेचोराला आणि बाऊलाला तिथे त्या अगदी हाताशी. अशांना रोज तिन्हीसांजेच्या आधी खुराड्यातच मूठभर कण्या टाकायच्या. दिवसभरातलं चांगलं खाणं फक्त आत आणि फक्त संध्याकाळी मिळतं हे कळलं की त्या आपणहून येतात. मग मोजून कडी लावायची. सकाळी उजाडल्याबरोबर घाई करू नका. पूर्ण दिसायला लागलं आणि घरातलं कोणी अंगणात असलं की मगच सोडा.

साप येतो तो उंदरामागे

साप कोंबडीचं खाणं खात नाही, पण ते खाणारा उंदीर त्याला हवा असतो. रात्री भांड्यात दाणे उरले, भाताचं पोतं पडवीत उघडं राहिलं, की आठवड्यात उंदीर वाढतात आणि त्यांच्या वासाने नाग, धामण येतात. अंडी आणि पिल्लं मग जाता जाता मिळतात. सापांची तक्रार घेऊन येणाऱ्याला मी आधी खाद्य कुठे ठेवता ते विचारते. झाकणाचा पत्र्याचा डबा, संध्याकाळी रिकामं केलेलं भांडं आणि दिवसातून दोनदा उचललेली अंडी, एवढ्याने सापाचं येणं खूप कमी होतं. खुराड्याभोवतीचं गवत, पाल्याचा ढीग, लाकडांची रास चार-पाच फूट मागे न्या.

नाग अंडीही गिळतो आणि पिल्लंही. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, कोंबडी अंड्यांवरच मरून पडली आहे, जखम डोळ्याला दिसत नाही, अंडी मात्र कमी झालीत, तर तिने सापाला अडवलं आणि तिला दंश झाला असं समजा. साप अजून तिथेच, पेंढ्याखाली असू शकतो. अजगर फटीतून आत येतो, कोंबडी गिळतो आणि पोट फुगल्यामुळे त्याच फटीतून त्याला बाहेर पडता येत नाही. सकाळी तो कोपऱ्यात वेटोळं घालून सापडतो.

अंधारात अंड्यासाठी हात घालू नका. आधी बॅटरी, मग काठीने पेंढा हलवायचा, मग हात. हे लहान मुलांनाही शिकवा, कारण अंडी आणायला बहुतेक घरांत मुलंच जातात. साप दिसला तर दार लोटून घ्या, कोंबड्यांना बाहेर काढता येत असेल तर लांबूनच काढा, आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा ओळखीच्या सर्पमित्राला फोन करा. दंश झालाच तर चिरा देणं, आवळपट्टी बांधणं, मांत्रिक यात वेळ घालवू नका. त्या माणसाला चालायला लावू नका, १०८ ची रुग्णवाहिका बोलवा आणि प्रतिसर्पविष असलेल्या सरकारी रुग्णालयात न्या.

कार्बोलिक अ‍ॅसिड, गंधक, फिनाईल, लसणाचं पाणी याने साप दूर राहतात असं लोक मनापासून सांगतात. भरवसा ठेवावा असा यातला एकही उपाय नाही, आणि कार्बोलिकने कोंबड्यांचे पाय आणि मुलांचे हात मात्र भाजतात. तोच पैसा पाव इंची जाळीला लावा. नायलॉनची मऊ जाळी जमिनीलगत लावू नका. साप तिच्यात अडकून तडफडून मरतो, आणि अडकलेला नाग सोडवणं हे सगळ्यांच्याच जिवावरचं काम होतं.

दिवसाच्या धाडी

कोंबडा काय ओरडतो ते ओळखायला शिका, स्वयंपाकघरातून कळतं. आकाशात घार दिसली की तो एक बारीक, लांबट आवाज काढतो आणि सगळा कळप जागच्या जागी दबतो किंवा झुडपात शिरतो. मुंगूस, कुत्रा, मांजर असं जमिनीवरून कोणी आलं की तुटक, मोठ्याने, न थांबता कॉक-कॉक-कॉक सुरू होतं आणि माना उभ्या राहतात. पहिल्या आवाजाला आकाशाकडे बघायचं, दुसऱ्याला कुंपणाकडे धावायचं. मुंगसाने मोठी कोंबडी मानेला धरलेली असली तरी ओरडत जवळ गेलं की बऱ्याचदा ते ती टाकून पळतं. चांगला जागरूक कोंबडा म्हणूनच ठेवावा.

घार ऊन तापल्यावर, हवा वर चढायला लागली की घिरट्या घालते. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तिच्या घरट्यात पिल्लं असतात, त्या दिवसांत तिच्या फेऱ्या वाढतात. ती मोठ्या कोंबडीला सहसा हात लावत नाही, तिला पिल्लं हवी असतात. उघड्या अंगणात पिल्लांना दाणे टाकणं म्हणजे तिला दाखवून देणं. दाणे आडोशाखाली टाका: केळीचा गड्डा, तुरीची ओळ, एखादा बुटका मांडव. पिल्लांना दोन उड्यांत गाठता येईल असा निवारा हवा. फिरण्याच्या जागेवर वरून मच्छीमारांची जुनी जाळी ताणून बांधली तर घार आणि कावळा दोन्ही थांबतात. किनारपट्टीला ती सहज मिळते. चकाकणाऱ्या पट्ट्या, जुन्या सीड्या थोडे दिवस काम करतात, मग पक्षी सरावतात. शिक्रा मात्र झाडांतून खालून, बाजूने येतो. त्याच्यासाठी नुसतं वरचं जाळं पुरत नाही, बाजूही बंद हव्यात.

मासे साफ केलेलं पाणी आणि खवले, कोंबडी कापल्यावरची आतडी परसात टाकायची पद्धत आपल्याकडे आहे. घारी, कावळे, बोके, कुत्रे, सगळे त्याच कारणाने तुमच्या परसाचे गिऱ्हाईक होतात. ते रोज पुरा. एवढा एक बदल केला तरी अंगणावरचा पहारा हलका होतो.

पिल्लं सहा आठवड्यांची होईपर्यंत मोकळी सोडूच नयेत असं माझं ठाम मत आहे. आईसकट त्यांना जाळीच्या फिरत्या घरात ठेवा, रोज जागा बदला. गवतही मिळतं, किडेही. डालगं, म्हणजे पालथी घालायची टोपली, वापरत असाल तर वर वजन ठेवा, कारण नुसतं डालगं कुत्रा नाकाने उलटतो. आई गावठी किंवा असील असेल तर ती मुंगसावरही धावून जाते, पण कळपावर दोन कावळे दोन बाजूंनी आले की एक तिला गुंतवतो आणि दुसरा पिल्लू उचलतो. तिच्या धीटपणावर सगळं सोपवू नका.

खुडूक कोंबडी तर २१ दिवस जागेवरून हलत नाही, आणि ती आवडीने कोपऱ्यात, गवतात, लाकडांमागे बसते. परसात कुठे बसलेली सापडली तर रात्री अंड्यांसकट उचलून पडवीतल्या टोपलीत किंवा बंद खोक्यात हलवा, समोर पाव इंची जाळीचं झाकण लावा. दिवसातून एकदा दाणापाण्याला सोडायची आणि ती परत बसेपर्यंत तिथेच थांबायचं.

मोकाट कुत्र्यांसाठी पाच-सहा फुटी कुंपण आणि जड जाळी एवढंच खरं. तुमच्या भागात बिबट्याचा वावर असेल तर जाळी त्याला अडवणार नाही. खुराडं घराला लागून, चिऱ्या-विटांच्या भिंतीचं आणि लोखंडी गजांचं हवं, अंधार पडल्यावर एकट्याने तिथे जायचं नाही, आणि ठसे दिसले की वनविभागाला कळवायचं.

जे करू नये

मेलेल्या कोंबडीवर पिकाचं विषारी औषध टाकून ती ठेवण्याचा प्रकार अजूनही चालतो. कृपा करून करू नका. ती कोंबडी कांडेचोर खाईलच असं नाही. शेजाऱ्याचा कुत्रा खातो, कावळे खातात, तुमच्याच कोंबड्या तिच्यावरच्या अळ्या टिपतात. जाळीत वीज सोडणं त्याहून वाईट. पावसात त्या तारेला कोणाचाही हात लागेल, घरातल्या मुलाचाही.

मुंगूस, उदमांजर, बाऊल, घोरपड, अजगर, नाग, धामण, घार यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं संरक्षण आहे. त्यांना मारणं किंवा पिंजऱ्यात धरून लांब सोडून येणं हे गुन्ह्यात बसतं. कायदा बाजूला ठेवला तरी फायदा नाही: एक काढलं की ती मोकळी जागा दुसरं घेतं, आणि उघडी फट त्यालाही तितकीच उघडी. मुंगूस, धामण यांनी परसातले उंदीर खाल्लेले आपल्यालाही हवेच असतात.

दुरुस्ती झाल्यावर राखेचा पट्टा लगेच बंद करू नका. दोन आठवडे तरी टाकत राहा. पहिल्या काही रात्री ठसे खुराड्याभोवती फिरलेले दिसतील, जुन्या वाटेशी थांबलेले, कोपऱ्यात थोडं उकरलेलं. जिथे उकरलंय तिथे त्याच दिवशी दगड टाका. ठसे हळूहळू विरळ होतात. ठसे येतच राहिले आणि कोंबड्या सुरक्षित असतील तर उरलेलं खाणं किंवा टाकलेली आतडी अजून कुठेतरी मिळतायत, ते शोधा.

पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर एकदा पूर्ण तपासणी करा. पहिल्या मोठ्या पावसात बिळांत पाणी भरतं आणि साप, घुशी कोरड्या जागेच्या शोधात बाहेर पडतात. खुराड्यातला कोरडा पेंढा त्यांना आवडतो. पावसाच्या आवाजात कोंबड्यांचा कालवाही ऐकू येत नाही. समुद्राजवळ खाऱ्या हवेने जाळी लवकर गंजते, आणि गंज आधी खालच्या कडेला, मातीला लागून धरतो. तिथे बोटाने दाबून बघा. तार मोडली तर तेवढा हातभर पट्टा कापून नवा लावा, अख्खं खुराडं बदलायची गरज नसते.